भिंतींसकट

४ मार्च

आज कोर्टाचा कागद आला. तुरुंगाच्या मागच्या इमारतीतली एक खोली मोजून द्यायची आहे. एकच खोली. मुख्य अभियंत्यांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मिलिमीटर, हे तुमचंच काम." ऑफिसात मला मिलिमीटर म्हणतात. आधी राग यायचा, आता येत नाही. एकतीस वर्षं बांधकाम खात्यात मोजणी करतोय आणि माझ्या फाइलमध्ये चूक कबूल करणारं एकही दुरुस्तीपत्र नाही. निवृत्तीला नऊ महिने उरलेत.

भानगड अशी आहे. आपल्या सरकारने पूर्वी कधीतरी मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली. तो पाळला जातो की नाही हे बघणारी एक समिती परदेशात बसते. तिचं म्हणणं, कोठडीत माणशी तीन चौरस मीटरपेक्षा कमी जागा असेल तर ती अमानुष वागणूक. आपले तुरुंग तर गच्च भरलेले. समितीने कान उपटल्यावर संसदेने मागच्या वर्षी कायदा केला: तीनपेक्षा कमी जागेत काढलेल्या दर दहा दिवसांमागे शिक्षेतला एक दिवस माफ. आता एका कैद्याने अर्ज केलाय. तो म्हणतो जागा कमी आहे, तुरुंग म्हणतो भरपूर आहे. म्हणून मधे मी.

घरी सांगितलं. ही म्हणाली, "बरं झालं. चार दिवस तरी आपलं कपाट मोजणार नाही तुम्ही."

६ मार्च

तुरुंगात जाऊन आलो. नऊला फाटकावर, पावणेदहाला आत. झडती घेताना त्यांनी माझी टेपसुद्धा शेवटपर्यंत उलगडून पाहिली. ती परत गुंडाळायला मलाच लावलं.

अधीक्षक फार सज्जन माणूस. चहा झाला, बिस्किटं झाली, माझ्या नोकरीची चौकशी झाली. "तुमच्यासारखी जाणकार माणसं आली की आम्हालाही बरं वाटतं," म्हणाले. खोली स्वच्छ होती, नुकताच रंग दिलेला, वास अजून गेला नव्हता. पलंग दोनच, तिसरा दुरुस्तीला गेलाय म्हणे. राहणारे तिघे. तिसऱ्याची वळकटी संडासाच्या दाराशी उभी करून ठेवली होती. इतक्या चटकन रंग लावून होतो हे पाहून आमच्या खात्याची लाज वाटली. आमच्या ऑफिसचा जिना चार वर्षं रंगाची वाट बघतोय.

माझा मदतनीस रजेवर, म्हणून टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. अधीक्षकांनी खोलीतल्याच एकाला उभं केलं. पन्नाशीचा, किडकिडीत. बाहेर शिंपी होता, आतही शिवणाच्या शेडमध्ये असतो. नखाने शून्यावर असा दाब दिला की टेप केसभर हलली नाही, मधे कुठे लोंबली नाही. एकतीस वर्षांत असं टोक धरणारा माणूस मला मिळाला नव्हता. अर्जदार तोच, हे नंतर कळलं.

आतली लांबी ३.६० मीटर. आतली रुंदी २.५०. कोपऱ्यातला संडास १.२० गुणिले ०.९०. भिंती ०.४५ जाडीच्या. खिडकीत टेप घालून जाडी घेत होतो तेव्हा शिंपी म्हणाला, "साहेब, ही कशाला?"

"क्षेत्रफळात धरायची असते."

"भिंत?"

"हो. इमारतीचा खर्च काढायचा तर भिंती सोडून कसं चालेल? पुढची-मागची पूर्ण, बाजूच्या शेजारच्या खोलीशी सामाईक म्हणून निम्म्या. आमच्या खात्यात असंच मोजतात."

त्याने भिंतीवर हात ठेवला. मग म्हणाला, "भिंतीत आम्ही झोपत नाही, साहेब."

अधीक्षक हसले. मीही हसलो. हजरजबाबी माणूस.

मी सगळ्यांनाच अहो-जाहो करतो, त्यालाही केलं. निघताना उगीच विचारलं, घरी कोण असतं. "बायको," म्हणाला. दर पंधरवड्याला भेटायला यायची. डिसेंबरपासून आलेली नाही, जिना उतरवत नाही. पाय सुजलेत. पोटात पाणी होतं, ते दोनदा काढलं. हे सगळं शेजारीण पत्रातून कळवते. गुन्हा काय केला ते मी विचारलं नाही. मोजणीत ते लागत नाही.

७ मार्च

अहवाल लिहिला. भिंती धरून ४.५० गुणिले २.९५, म्हणजे १३.२७५. भागिले तीन, माणशी ४.४२५ चौरस मीटर. नावाला जागून तिसरं दशांशस्थळ ठेवलं. 'मोजणीची पद्धत' असा एक रकाना होता. कोर्टाने त्याबद्दल काहीच कळवलं नव्हतं. मी लिहिलं, 'खात्याची नेहमीची.'

जेवताना हिला शिंप्याच्या बायकोचं सांगितलं. ही अठ्ठावीस वर्षं सरकारी रुग्णालयात नर्स होती. हातातला घास तसाच ठेवून तिने विचारलं, "पाणी दोनदा काढलं? डिसेंबरनंतर?"

"हो म्हणे."

"मग दोन महिने. फार ओढलं तर थोडं वर."

"तू बघितलंस का तिला?"

"तुम्हाला टेप लावल्याशिवाय कळत नाही. मला कळतं." मग म्हणाली, "त्याला कधी सोडणार?"

मी म्हटलं, ते कायद्याने ठरतं. मी फक्त आकडा देतो.

१४ मार्च

सुनावणी झाली. मला बोलावलं नव्हतं, अहवाल वाचून दाखवला. कोर्टाने म्हटलं, जागा पुरेशी दिसते, अर्जदाराची हरकत असेल तर पुढच्या तारखेला, चार एप्रिलला, मांडावी. अधीक्षकांनी आवर्जून फोन करून आभार मानले. असं सहसा कुणी करत नाही.

१५ मार्च

आज शिंप्याची वकील ऑफिसात आली. सरकारने नेमून दिलेली. तिशीची असेल. नाक चोंदलेलं, फायली भाजीच्या पिशवीत. बसायला सांगायच्या आतच तिने परदेशातल्या समितीची पुस्तिका टेबलावर उघडून ठेवली. पान एकोणीस. जागा म्हणजे आतली मोकळी जमीन. भिंती नाहीत. संडासही वगळायचा.

"आतली मापं तुमच्या वहीत असतील ना?"

"वही खात्याची आहे."

"वही नकोच मला. मला तर खोलीही बघता आलेली नाही, वकिलांना भेटीच्या खोलीपुढे सोडत नाहीत. तुम्ही आत जाऊन आलात. तुम्ही कोर्टाला एक पत्र लिहा, बस्स."

"खात्याची पद्धत आहे," मी म्हटलं.

ती शिंकली, माफ करा म्हणाली आणि गेली. पुस्तिका मात्र ठेवून गेली.

मग दार लावून आकडे मांडले. ३.६० गुणिले २.५०, बरोबर ९.००. वजा संडास १.०८. उरले ७.९२. भागिले तीन, २.६४. सगळी मापं सहा तारखेपासून वहीत आहेत. फक्त वजाबाकी करायची राहिली होती.

पुढचं गणितही केलं, करायला नको होतं. त्या खोलीत त्याचे एक हजार सहाशे वीस दिवस झालेत. म्हणजे एकशे बासष्ट माफ. शिक्षेचे कालच्या तारखेला उरले होते दीडशे. मी आतलं माप दिलं असतं तर तो काल सुटला असता.

पुस्तिका खणात ठेवली. चहा मागवला.

१७ मार्च

मुख्य अभियंत्यांकडे गेलो. म्हटलं, मोजणीत चूक झालीये. ते म्हणाले, "कसली चूक? पद्धत आहे ती." मग दार लावून घेतलं. मंत्रालयाचा अहवाल एकतीस तारखेला त्या समितीकडे जाणार आहे. आपल्याकडे कायदा नीट पाळला जातो हे दाखवायला माझा अहवाल त्याला जोडलाय. नमुना म्हणून. वर शीर्षक दिलंय, 'आदर्श मोजणी'. तुरुंगात अशा दोनशे बारा खोल्या आहेत. एकीचा आकडा खाली आला की सगळ्यांचाच येईल.

"मी चूक झाली म्हणत नाही, तुम्ही का म्हणता?" ते म्हणाले. "एकतीस तारीख जाऊ द्या."

खरं लिहायचं तर मला हायसं वाटलं. शिवाय 'आदर्श' हा शब्द. एकतीस वर्षांत माझ्या कामाला कुणी कसलं शीर्षक दिलं नव्हतं. मी तो कागद मागून घेऊन दोनदा वाचला.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

१८ मार्च

ही आज फारशी बोलली नाही. घसा बसला असावा.

२० मार्च

अजून बोलत नाही. मध आणून ठेवला. तिने बाटली उचलून फडताळात मागे सारली.

२२ मार्च

कोर्टाला पत्र लिहिलं. तीन ओळी. पाकिटात घातलं. पाकीट खणात आहे.

२९ मार्च

अधीक्षक स्वतः ऑफिसात आले होते. वकीलबाईंनी समितीची पुस्तिका कोर्टात दाखल केल्याचं त्यांच्या कानावर आलंय. त्यांनी तोडगा आणला होता. "आतलं माप घ्या की. आमची काही हरकत नाही. नऊ भागिले तीन, तीन. कायद्यात काय म्हटलंय? तीनपेक्षा कमी. तीन हे तीनपेक्षा कमी आहे का?"

"संडास वगळायचा असतो."

"का? संडासात कैदी जात नाहीत? त्यांचीच जागा ती."

आकडा मला आवडला. उगीच खोटं कशाला लिहू? ३.००. पुढे काही नाही, मागे काही नाही, घोटून काढल्यासारखा. कुणाचंच नुकसान नाही असं क्षणभर वाटलं. मग ध्यानात आलं की शिंप्याचं तेवढं आहे.

ते गेल्यावर एक विचार आला. आतलं माप बरोबर नऊ येतं हे अधीक्षकांना कसं ठाऊक? मी तर त्यांना वही दाखवली नव्हती. म्हणजे त्यांनी आधीच मोजून ठेवलेलं असणार. मग मोजायला माझ्यासारखाच माणूस मिळाला याचा त्यांना एवढा आनंद का झाला होता, ते नीट कळत नाही.

१ एप्रिल

अहवाल काल परदेशी रवाना झाला. मी पाकीट घेऊन मुख्य अभियंत्यांकडे गेलो. ते म्हणाले, "आज पत्र दिलंत तर काय दिसेल? मुद्दाम थांबलात असं दिसेल. फेरमोजणीला मुदत मागा. रीतसर होऊ द्या."

मुद्दाम थांबलो होतोच. पण दिसायला नको हेही पटलं.

४ एप्रिल

आयुष्यात पहिल्यांदा कोर्टात उभा राहिलो. फेरमोजणीसाठी मुदत मागितली. सतरा तारीख मिळाली. सगळं मिळून चार मिनिटं.

शिंपी समोर पोलिसाशेजारी उभा होता. मला बघून त्याने हात जोडले. फेरमोजणी म्हटल्यावर त्याला बरं वाटलं असावं. आता नीट मोजतील, असं.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाई भेटली. म्हणाली, त्याच्या बायकोला परवा रुग्णालयात नेलं होतं, परत आणलं. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा.

मी हे घरी सांगितलं. आणि ही अठरा दिवसांनी बोलली. "'घरीच ठेवा' याचा अर्थ माहितेय ना तुम्हाला?"

"माहीत आहे."

"मग? मी चुकलो, एवढं लिहायला किती ओळी लागतात हो?"

मी म्हटलं, तीन.  ती उठून दुसऱ्या खोलीत गेली. मी उगीचच त्या खोलीच्या दाराची रुंदी डोळ्यांनी मोजत बसलो. सत्याऐंशी सेंटिमीटर.

९ एप्रिल

फेरमोजणीला गेलेलो नाही. जायचं कशाला? मापं वहीत आहेत, आणि शिंप्यासारखा माणूस टोक धरून उभा असताना ती चुकणं शक्य नाही. मुदत मी मोजण्यासाठी मागितलीच नव्हती. हे फक्त इथे लिहितोय.

मला भीती कशाची वाटते याचा विचार केला. नोकरी जाणार नाही. पेन्शनला धक्का नाही. कुणी तुरुंगात टाकणार नाही. फाइलमध्ये एक गुलाबी कागद लागेल, दुरुस्तीपत्राचा. दुसऱ्यांच्या फायलींत मी तसले शेकड्यांनी लावलेत. लावताना मनातल्या मनात त्या माणसाचं नाव घेऊन चुकचुकायचो. आता माझं नाव घेऊन कुणीतरी चुकचुकेल. एवढंच आहे. लाज वाटावी इतकं एवढंच आहे, आणि तरी पाकीट परत खणात ठेवलंय.

१६ एप्रिल

उद्या साक्ष. मुख्य अभियंत्यांनी संध्याकाळी फोन केला. "तीन म्हणा आणि मोकळे व्हा." दोन कागद तयार केलेत. एकावर ३.००, एकावर २.६४. दोन्ही कोटाच्या आतल्या खिशात. कुठला काढणार ते मलाच माहीत नाही.

ही म्हणाली, "कोट इस्त्री करून ठेवलाय." बाकी काही नाही.

१७ एप्रिल

न्यायाधीश वयाने माझ्याएवढ्याच असतील. चष्मा कपाळावर चढवलेला. सरकारी वकिलाने माझी ओळख करून दिली, अनुभवी, निष्णात वगैरे. मी ३.०० चा कागद हातात घेतला होता. वाचणारही होतो. तेवढ्यात न्यायाधीशांनी थांबवलं.

"आकडा नंतर. आधी मला सांगा, रात्री हे तिघे झोपतात कुठे?"

असं कुणी विचारलंच नव्हतं. मला ती संडासाच्या दाराशी उभी केलेली वळकटी दिसली. दाराला लागून. दार उघडायचं तर ती उचलावीच लागणार. रोज कुणीतरी उचलत असणार, आणि ज्याची ती असेल तो जागा होत असणार.

"दोघे पलंगावर, एक जमिनीवर," मी म्हटलं. "संडास वगळला तर माणशी दोन पूर्णांक चौसष्ट शतांश."

सरकारी वकील म्हणाला, "पण आपल्या अहवालात चार पूर्णांक बेचाळीस आहे!"

"चार पूर्णांक चारशे पंचवीस सहस्रांश," मी म्हटलं. सवयीने तोंडातून गेलं. "तो भिंतींसकट होता."

"म्हणजे तो अहवाल चुकीचा?"

"हो."

वाटलं होतं तेवढा वेळ लागला नाही. न्यायाधीशांनी तिथल्या तिथे आदेश लिहिला. चौदा मार्चपर्यंतचे एकशे बासष्ट दिवस माफ. उरलेले त्याहून कमी, म्हणून तात्काळ मुक्तता. कागदपत्रं होऊन उद्या सकाळी. शिंपी ऐकत होता, पण त्याला कळलं नसावं. वकीलबाईने त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं. मग तो एकदम खाली बसला, आणि पोलिसाने त्याला पुन्हा उभं केलं.

१८ एप्रिल

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी सुटला. वकीलबाईने कळवलं.

मुख्य अभियंते माझ्याशी बोलत नाहीत. गुलाबी कागद आज फाइलला लागला. मीच भोकं पाडून दिली, कारण नवीन कारकुनाला भोकांतलं अंतर जमत नाही.

घरी गेलो तर हिने दारातच विचारलं, चहा टाकू का. मग तासभर बोलत होती. मला वाटतं, मधाचा गुण आला.

२ मे

वकीलबाईचा फोन. शिंप्याची बायको एकोणतीस तारखेला गेली. म्हणाली, "पण त्यांना अकरा दिवस मिळाले. तुमच्यामुळे. म्हटलं तुम्हाला कळवावं." तिच्याकडे आता त्याच इमारतीतल्या एक्केचाळीस कैद्यांचे अर्ज आलेत. आवाज अजून चोंदलेलाच होता.

सतरा एप्रिल वजा चौदा मार्च, चौतीस.

६ मे

मंत्रालयाचं परिपत्रक आलं. यापुढे कोठड्यांची मोजणी सर्वत्र 'बांधकाम खात्याच्या नेहमीच्या पद्धतीने' व्हावी. संदर्भ म्हणून माझ्या सात मार्चच्या अहवालाचा क्रमांक दिलाय. त्याला गुलाबी कागद लागलाय हे त्यांना माहीत नसेल, किंवा असेल. मी मंत्रालयाला पत्र पाठवलं. तीन ओळी. या वेळी पाकीट खणात ठेवलं नाही, स्वतः जाऊन टाकून आलो. वकीलबाईलाही एक प्रत दिली. ती म्हणाली, याचा उपयोग होईल.

तरी झोप नीट लागत नाही. चौतीस डोक्यातून जात नाही. शिंप्याला वाटतंय, मी त्याला अकरा दिवस दिले. हे चुकीचं आहे. एखाद्याच्या नावे चुकीचा आकडा राहू देणं मला जमत नाही.

८ मे

हिला म्हटलं, उद्या त्याला भेटून येतो.

"जा की. माणूस गेलंय घरातलं, जायलाच हवं." मग तिने मला नीट न्याहाळलं. "पण नुसते बसून या. काही सांगत बसू नका."

मी म्हटलं, खरं ते त्याला कळायला नको का?

"नुसते बसून या," ती म्हणाली.

९ मे

पत्ता वकीलबाईने दिला. चौथा मजला, बहात्तर पायऱ्या, कठडा ढिला. ज्या बाईला उतरवत नव्हतं ती हाच जिना बघत बसत असणार.

शिंप्याने दार उघडलं आणि हात जोडले. एक खोली, खिडकीपाशी शिवणयंत्र, त्यावर अर्धवट शिवलेली पँट. बसायला त्याने एकुलती खुर्ची दिली, स्वतः यंत्राच्या स्टुलावर बसला. शेजारीण चहा देऊन गेली.

मी काही बोलायच्या आत तोच बोलायला लागला. "अकरा दिवस मिळाले, साहेब." पहिल्या दिवशी तिने त्याला ओळखलं नाही, डिसेंबरपासूनच्या चार महिन्यांत केस पांढरे झालेत म्हणून. मग ओळखलं आणि रागावली, एवढा बारीक का झालास. तिसऱ्या दिवशी त्याने तिचे केस धुतले. पाचव्या दिवशी तिने तुरुंगात शिवलेला त्याचा शर्ट तपासला आणि म्हणाली, कॉलर वाकडी आहे, हात बिघडलाय तुझा. दोघंही हसली. शेवटचे दोन दिवस ती बोलत नव्हती, पण हात सोडत नव्हती. "मला वाटायचं, मी आत असतानाच होणार हे. सरकारी कामाला वेळ लागतो, मी धरूनच चाललो होतो. पण तुम्ही खरं बोललात आणि अकरा दिवस मिळाले. रोज सकाळी उठलो की तेच म्हणतो. अकरा मिळाले."

तेव्हा उठायला हवं होतं. मी म्हटलं, "तसं नाही ते."

आणि सगळं सांगितलं. तारखांसकट. पद्धत कुणी वरून सांगितली नव्हती, रकाना कोरा होता, तो मी भरला. तुम्ही भिंतीचं बोललात तेव्हा आतली मापं माझ्या वहीतच होती. पंधरा मार्चला आकडा मला कळला. बावीसला पत्र लिहून खणात ठेवलं. चार एप्रिलला मुदत मागितली ती मोजायला नव्हे. चौदा मार्चला तुम्ही सुटला असतात. मार्चमध्ये त्या बोलत होत्या, बसत होत्या. अकरा मी दिले नाहीत. चौतीस माझ्याकडून गेले.

मला वाटलं होतं, तो ओरडेल. मी त्याची तयारी ठेवली होती. त्याने पँट मांडीवर घेतली, शिवण बोटांनी दाबून सरळ केली, परत ठेवली.

"हे मला का सांगितलंत?"

"खरं काय ते तुम्हाला कळावं म्हणून."

"मी विचारलं होतं?"

मी यंत्रावरच्या पँटकडे बघितलं.

"अकरा मिळाले म्हणून मी उठत होतो, साहेब," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "आता उद्या सकाळी उठलो की चौतीस आठवतील."

मी माफी मागितली. त्याने ऐकली की नाही कळलं नाही. मग म्हणाला, "चहा निवतोय. घ्या." मी घेतला. त्याच्यासमोर बसून कप रिकामा केला, कारण उठायचं कसं ते सुचत नव्हतं.

घरी आलो तेव्हा ही दारातच होती. तिने काही विचारलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आत गेली.